पहिलीच्या फळ्यावरचं खोटं वाक्य

शालन,

मी तुझ्या वर्गाशी खोटं बोलले. नुसती बोलून थांबले असते तर एक वेळ मनाची समजूत घातली असती. पण मी ते खोटं फळ्यावर लिहू दिलं, आणि वर त्यातलं पहिलं अक्षर लहान पडलं होतं, ते मोठं करायला लावलं. ‘बाई इज इन व्हिलेज.’ सानिकाने ‘बी’ छोटा काढला होता. मी म्हटलं, “वाक्याची सुरुवात कशी करायची? शिकवलंय ना बाईंनी?” तिने मुकाट्याने तो पुसला, टाचा उंच करून मोठा बी काढला, फळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टिंब दिलं आणि जागेवर बसली. कसं अगदी नीट झालं सगळं. वाक्य तेवढं खोटं होतं.

तू गेलीस त्याला महिना होत आला. पहिली-दुसरीला घरी सोडल्यावर शाळेने शोकसभा घेतली. टेबलावर तुझा तो निवडणुकीच्या ओळखपत्रासारखा फोटो, त्याला झेंडूचा हार. हेडगुरुजींनी मला बोलायला उभं केलं आणि मी ‘मनमिळाऊ’ म्हणाले, ‘शांत स्वभावाच्या’ म्हणाले. शांत! खडूच्या खोक्यावरून तू हेडगुरुजींशी घातलेला वाद अर्ध्या मिरकरवाड्याने ऐकला होता. बोलताना सारखं वाटत होतं, आता पार्टिशनच्या पलीकडून तुझा आवाज येईल, “सुधे, कोणाबद्दल बोलत्येस गो?” पण ते खोटं सगळेच बोलतात. हार घातलेल्या फोटोसमोर कोणी ‘भांडखोर’ म्हणत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. वर्गात बोलले त्याचं वाटतं.

मुलांसमोर आपण भाटकरबाई आणि परांजपेबाई, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’. मधल्या सुट्टीची घंटा झाली की शालन आणि सुधा. तुझी पहिली, माझी दुसरी, आणि मधे ते लाकडी पार्टिशन, जे आढ्यापर्यंत पोचतच नाही. इतकी वर्षं मी माझा वर्ग डोळ्यांनी बघितला आणि तुझा कानांनी ऐकला. तुझी पोरं कधी हसतात, कधी चिडीचूप होतात, तू कधी खुर्ची ओढतेस, कधी खिडकीशी जाऊन बंदराकडे बघत उभी राहतेस, सगळं मला इकडे कळायचं. आता दोन्ही वर्ग माझ्याकडे आहेत. पार्टिशनची दोन दारं उघडी टाकून मी मधे उभी राहते, इकडे पाढे आणि तिकडे गाणं. माझा आवाज दोन्हीकडे पोचतो, लक्ष कुठेच पोचत नाही.

दोन हजार साल उजाडलं आणि पहिलीपासून इंग्रजी आलं, ते वर्ष आठवतंय तुला? प्रशिक्षणात आपल्याला गोल करून नाचायला लावलं होतं. तू पदर खोचून सगळ्यात पुढे, आणि मी मागच्या रांगेत मान खाली घालून. बाहेर आल्यावर म्हणालीस, “नाचायचं ते नाचू गो, पण लिहायचं कसं शिकवणार? आपल्या भाषेत अक्षरं सगळी एका उंचीची. पोरं विचारतील, हे एकच मोठं का?” आपण दोघी पाचवीत इंग्रजी शिकलो. मोठी अक्षरं ती पहिली लिपी, छोटी ती दुसरी लिपी, असं करत चाररेघी वहीत बोटं दुखेपर्यंत गिरवलं. का मोठं, ते कोणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. तुझ्या पोरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं.

मग तू होडी काढलीस. वाक्य म्हणजे होडी, पहिलं अक्षर म्हणजे होडी हाकणारा तांडेल, तो मोठा, तो पुढे. बाकी सगळे खलाशी छोटे. शेवटी नांगर टाकायचा, ते टिंब. मी पलीकडून ऐकत होते आणि मनातल्या मनात जळत होते, कारण मला असलं काही कधी सुचत नाही. तेवढ्यात तुझ्या वर्गातलं एक पोरगं उठलं नि म्हणालं, “बाई, तांडेल म्हागं बसतो. सुकाणू म्हागं असतंय.” सगळा वर्ग हसला. तू भाट्याच्या किनाऱ्यावरची, बाप बोटीवर, आणि तुला तांडेल कुठे बसतो ते माहीत नाही! मला वाटलं, आता तू भडकणार. तू एवढी खो खो हसलीस की माझीही मुलं पार्टिशनच्या फटीला डोळे लावून बसली. दुसऱ्या दिवसापासून तांडेल गेला. मोठं अक्षर म्हणजे होडीचं उंच तोंड झालं. नांगर तेवढा राहिला.

आणि मग ते रोजचं वाक्य. सकाळी प्रार्थना झाली की तू विचारायचीस, “आज कोणाची बातमी?” कोणाच्या घरी काय घडलं ते मराठीत सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून त्याचं इंग्रजी करायचं, मोडकंतोडकं का होईना. ‘आजी इज कमिंग.’ ‘नेट इज टोर्न.’ मधले शब्द तू लिहायचीस, पण पहिलं मोठं अक्षर आणि शेवटचं टिंब ज्याची बातमी त्याचं. ते पोर कॉलर ताठ करून फळ्याशी यायचं. बाकीची श्वास रोखून बघत बसायची, टिंब पडलं की ओरडायची, “नांगर!” माझ्या पाढ्यांचे बारा वाजायचे. यासीनची बकरी आजारी पडली त्या दिवशी केवढा गोंधळ. तिचं नाव राणी, म्हणून मधे आलं तरी तिचं अक्षर मोठं, हे तू सांगितल्यावर त्याने घरच्या कोंबड्यांनाही नावं ठेवली. तू स्वतःचीही बातमी द्यायचीस. ‘निखिल इज इन दापोली.’ तुझा मुलगा शेतकीच्या कॉलेजात गेला ते पहिलीच्या पोरांना कळलं, मग मला.

एकच नियम होता तुझा. बातमी खरी पाहिजे. कोणी फुशारकी मारली, “आमच्याकडं इमान आलं,” की खडू परत घ्यायचीस. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पहिलीची पोरं थापा मारतात म्हणून केलेला नियम, एवढंच.

आपलं भांडण मात्र त्याच वाक्यावरून. तुझी मुलं जूनमध्ये माझ्याकडे यायची ती बडबडी आणि धीट यायची, इंग्रजीला घाबरायची नाहीत, हे मी कबूल करते. पण वही उघडली की टिंबांचा पाऊस. ओळ संपली की टिंब, वाक्य संपो न संपो. काही जण तर प्रत्येक शब्दामागे टिंब देऊन मोकळे. मी लाल पेन घेऊन बसायचे. तू पार्टिशनच्या दारातून डोकवायचीस. “अगो, किती रक्त काढत्येस पोरांच्या वहीतनं?” मी म्हणायचे, आत्ता सवय लागली नाही तर पुढे लागणार नाही. तू म्हणायचीस, आत्ता बोलायची भीती बसली तर पुढे लिहायला काही राहणार नाही. मी तुला ‘आळशी’ म्हणाले होते. तू मला ‘पोलीस’. आणि मग माझ्याच डब्यातली घावनं खात बसायचीस. हा वाद संपला नाही गो. संपवायचा होता असंही नाही. मला वाटायचं, आहेत की अजून बरीच वर्षं, निवृत्तीपर्यंत पुरेल.

साहेब तपासणीला आले तो दिवस मात्र विसरता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीचा. तुला तेव्हाच बरं वाटत नव्हतं, पाय सुजायला लागले होते, पण तू म्हणायचीस, चपला घट्ट झाल्यात. साहेब आधी हेडगुरुजींच्या खोलीत चहा घेत बसले होते. तुझ्या वर्गाने त्यांना व्हरांड्यातून येताना बघितलं होतंच. “आज कोणाची बातमी?” तू विचारलंस, आणि सानिका उठली. मी मुलांना उजळणी देत होते. जरा वेळाने पलीकडे खसखस पिकली म्हणून दारातून बघितलं, तर फळ्यावर ठळक अक्षरांत, ‘साहेब इज फॅट.’ एस मोठा, टिंब जागच्या जागी. व्हरांड्यात बुटांचा आवाज. मी धावत आत शिरले आणि डस्टरही शोधला नाही, पदरानेच सगळं पुसून टाकलं. साहेब आले तेव्हा फळा कोरा आणि माझा पदर पांढरा.

ते गेल्यावर तू माझ्याशी बोलली नाहीस. सानिका तोंड पाडून म्हणाली होती, “परांजपेबाईंनी खरं पुसलानी.” संध्याकाळी बसथांब्यावर तू एकदाच तोंड उघडलंस. “तो हसला असता गो. नाहीतर चिडला असता. दोन्ही मी बघून घेतलं असतं. तुला कोणी बोलावलं होतं?” मी म्हटलं, तुझी नोकरी वाचवली. तू म्हणालीस, “माझा वर्ग माझा आहे.” आणि माझी बस आली. आता तुझा वर्ग माझा आहे, शालन, आणि मी तिथे काय करून ठेवलंय ते तू बघत असशील तर दोन शिव्या घाल. मला बऱ्या वाटतील.

दिवाळीनंतर तू आलीच नाहीस. मी दवाखान्यात आले ती तुला कोल्हापूरला हलवायच्या आदल्या दिवशी. चेहरा सुजलेला, हात मात्र काड्यांसारखे. मला बघायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी आल्या आल्या शाळेचं सुरू केलं. सहामाहीचे पेपर, कोणी किती मार्क मिळवले, कोणाची टिंबं अजून ओळीच्या शेवटी पडतायत. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मग मधेच म्हणालीस, “सुधे, गप्प बस जरा.” 

“मी नाही परत आले तर पोरांना सांग,” तू म्हणालीस.

मी नेहमीसारखं, “काहीतरी बोलू नकोस, आठ दिवसांत उभी राहशील,” वगैरे वगैरे.

“सांग त्यांना. ‘गावाला गेली’ असलं सांगू नको हां. ‘देवाकडे गेली’ हेसुद्धा नको. पोरं मग देवाला रोज विचारत बसतात, कधी सोडतोस. मेली म्हणून सांग.”

आणि मग तू वडिलांचं सांगितलंस. इतक्या वर्षांत एवढं सलग कधी सांगितलं नव्हतंस. ते बोटीवर गेले ते तिकडेच गेले, तू तेव्हा पहिलीत. घरात सगळ्यांनी ठरवलं, पोर लहान आहे, तिला कळायला नको. ‘बोट लांब गेलेय.’ तू पोस्टमन दिसला की धावत सुटायचीस. आई कुंकू का लावत नाही, तर म्हणे नवस केलाय. मग एकदा चिंचोके खेळताना शेजारच्या मुलीशी भांडण झालं नि ती म्हणाली, “तुजा बाप कवाच मेला.” तू तिला बदडलंस. घरी आलीस, आईच्या तोंडाकडे बघितलंस आणि काही विचारलं नाहीस. “मला मेलं चिंचोक्यांवरनं कळलं,” तू म्हणालीस. “तसं नको.”

मी हो म्हटलं. तुझा हात धरून, डोळ्यांत बघून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तुला घेऊन हातखंब्याहून घाटाकडे वळली असेल, तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होते. पुन्हा तू दिसलीस ती तुझ्या अंगणात.

मोठ्या वर्गांना हेडगुरुजींनी प्रार्थनेला सांगितलं. पहिली-दुसरीला आधीच वर्गात पाठवलं होतं. लहानांना त्यांच्या वर्गशिक्षकांनी सांगावं असं ठरलं. म्हणजे दोन्हींना मी. माझ्या दुसरीला सांगितलं. ती तुझीच गेल्या वर्षीची मुलं, पण त्यांना सांगताना तू डोळ्यांसमोर नव्हतीस. मग मी पार्टिशनचं दार उघडलं. सगळी बसली होती. तुझ्या खुर्चीवर तुझी ती जुनी शाल होती, उन्हाळ्यातही तिथेच असायची. कोणीतरी विचारलं, “भाटकरबाई कवा येनार?” आणि माझ्या तोंडून निघालं, “गावाला गेल्यात.”

ठरवून नाही बोलले, शालन. पण बोलले. तू ज्याला नको म्हणालीस, नेमका तोच शब्द. आणि एकदा बोलल्यावर मागे घेता येईना. उद्या सांगू म्हटलं. मग सोमवार, आठवड्याची सुरुवात नको. परवा स्नेहसंमेलनाची तालीम, मुलं नाचतायत, आज नको. रोज मला काही ना काही सापडायचं. कारणांच्या बाबतीत मी भारी हुशार निघाले.

ती मात्र तुझीच मुलं. रोज सकाळी उठून बसायची बातमीसाठी. मी रोजचं वाक्य बंद करायला हवं होतं, पण त्यांनी करू दिलं नाही. आणि दुसऱ्याच सकाळी बातमी कसली देणार? ‘बाई इज इन व्हिलेज.’ ते मी तुला सांगितलंच. मग ‘बाई इज नॉट कमिंग.’ हे खरं होतं, तरी मला ते सहन होईना. मी म्हटलं, दुसरी बातमी सांगा. खडू मी परत घेतला. तू थापा मारणाऱ्याकडून घ्यायचीस, मी खरं सांगणाऱ्याकडून घेतला. मग ‘व्हिलेज इज फार’, म्हणजे गाव लांब आहे. ह्यावर टिंब पडलं, पण “नांगर!” कोणी ओरडलं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, शिस्त येतेय.

नंतर त्यांनी तुझं नाव काढणं सोडलं. बाई कधी येणार, कोणी विचारेना. बातम्या पुन्हा सुरू झाल्या, कोणाकडे बारसं, कोणाचा दात पडला. आणि मला काय वाटलं सांगू? आधी हायसं वाटलं. सुटले एकदाची. मग रागच आला त्यांचा. चार महिने जिच्या मांडीवर लोळलात, तिला महिन्याभरात विसरलात? मेली पोरं ती पोरं, असं मी घरी ह्यांना म्हटलंसुद्धा. हे म्हणाले, “तू सांगितलंस का त्यांना?” मी भाजी चिरत होते, ती चिरतच राहिले.

आज सकाळी मी सांगितलं. काही ठरवलं नव्हतं. तुझी शाल निखिलने मागितली होती, ती घडी करायला घेतली, आणि वर्ग माझ्या हातांकडे बघतोय असं लक्षात आलं.   मी शाल तशीच हातात धरून फळ्यासमोर उभी राहिले.

“आज कोणाची बातमी?” मी विचारलं.

यासीनने हात वर केला. मी म्हटलं, “थांब. आज माझी आहे.” तो हात खाली करेना.

“मी तुम्हाला सांगितलं होतं, भाटकरबाई गावाला गेल्यात. ते खरं नव्हतं. भाटकरबाई आजारी होत्या. त्या मेल्या. आता त्या परत येणार नाहीत.”

बोलले बाई एकदाची. मला वाटलं होतं, रडारड होईल, कोणी घाबरेल, कोणी विचारेल मेल्या म्हणजे काय. सानिका आपल्या पाटीवरची धूळ बोटाने पुसत होती. ती म्हणाली, “आमाला म्हाईत हाय, बाई.”

“काय माहीत आहे?”

“बाई मेल्या ते. माजा दादूस चौथीत हाय, त्यानं सांगितलान. आमची आय पन गेलेली बाईंच्या दारात. तुमच्या बाजूलाच हुबी होती.”

तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. सगळ्यांना माहीत होतं. त्याच दिवशी संध्याकाळपासून. कुणाचा भाऊ चौथीत, कुणाची बहीण तिसरीत, कुणाची आई तुझ्या अंगणात. एवढ्या बंदरात एवढी बातमी, आणि मी समजत होते ती माझ्या पार्टिशनपाशी अडलीय. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

“मग मला बोलली का नाहीस?”

“आयनं सांगितलान, परांजपेबाईंना इचारू नको. त्या रडतात.”

“आणि ‘व्हिलेज’ का लिहिलंस?”

“तुमी सांगितलाव म्हनून.” ती अगदी सरळ म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

शालन, मी त्यांना सांभाळतेय असं मला वाटत होतं आणि महिनाभर ती मला सांभाळत होती. सहा वर्षांची पोरं. माझ्यासाठी ती फळ्यावर खोटं लिहायला आली, आणि मी त्यांच्या अक्षराची उंची मोजत बसले. तुझ्या वर्गात एकच नियम होता आणि तो त्यांनी माझ्याकरता मोडला. ह्याची शरम मला कुठे ठेवू?

मी तुझ्या खुर्चीवर बसले. इतके दिवस बसले नव्हते. म्हटलं, “मी खोटं बोलले. चुकलं माझं.” तुला दिलेला शब्द मोडला त्याची माफी तुझ्याकडे मागायला मी फार उशीर केला. त्यांच्याकडे तरी मागितली. आणि मग मी रडले, तुझ्या वर्गासमोर, मोठ्याने.  सानिका उठून आली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

मग प्रश्न सुरू झाले. एवढे दिवस दाबून ठेवलेले. बाईंना दुखलं काय? हो, दुखलं. लय? शेवटी नाही, झोपेत गेल्या. जाळलं काय त्यांना? हो. यासीन म्हणाला, आमच्यात पुरतात. मी म्हटलं, हो, तुमच्यात पुरतात. निखिलदादाला जेवन कोन करून घालतं? घरी आला की त्याचे बाबा करतात, आणि कधी मी देते डबा. त्यांचा चष्मा कुटं हाय? हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी सांगितलं, माहीत नाही, विचारून सांगते. जे खरं ते सांगत गेले. सोपं नव्हतं, पण गेल्या महिन्याएवढं अवघडही नव्हतं. तुझ्याबद्दल त्यांच्याशी बोलायला मिळालं. मोठ्या माणसांत मी तुझ्याबद्दल एवढं बोललेच नव्हते.

शेवटी मागच्या ओळीतली एक बारीकशी मुलगी उठली. ती वर्गात फारशी बोलत नाही, तुला माहीत आहे.

“बाई, तुमी पन मरनार काय?”

मी म्हटलं, “हो.”

 “आज न्हाय ना?”

“आज नाही.”

“मग बाई,” यासीन म्हणाला, त्याचा हात अजून वरच होता, “लवकर करा. माजी बातमी ऱ्हायलेय.”

मी डोळे पुसले आणि त्याला खडू दिला.